मधली हवा मोकळी हवी: दोन इमारतींची नेटवर्क बिनतारी जोडताना

समोरासमोर दोन इमारती. एकीत घर, दुसरीत ऑफिस; किंवा एकीत कार्यालय आणि दुसरीत गोदाम. दोन्हीकडे आपापलं वायफाय आहे, आपापले संगणक आहेत. आता इकडचा प्रिंटर, फाइल सर्व्हर, कॅमेरे किंवा नुसतं इंटरनेट तिकडे हवं आहे. मधून रस्ता जातो, तो खोदता येत नाही आणि वरून केबल टांगायचीही सोय नाही. अशा वेळी पहिला विचार येतो तो जास्त ताकदीचा राउटर आणण्याचा, नाहीतर खिडकीत एक रिपीटर ठेवून बघण्याचा. कधी कधी तेवढ्याने रेंज येतेही. मग फाइल अर्ध्यावर अडकते, व्हिडिओ कॉल तुटतो आणि दोष रेडिओच्या ताकदीला दिला जातो.

खरं तर रेडिओ दुबळा आहे म्हणून अशी जोडणी क्वचितच फसते. ती दोन ठिकाणी फसते: दोन अँटेनांच्या मधल्या हवेत आणि दोन नेटवर्कांच्या आयपी पत्त्यांत, म्हणजे नेटवर्कवरच्या प्रत्येक उपकरणाला मिळणाऱ्या क्रमांकांत. या दोन्ही गोष्टी एकही वस्तू विकत घेण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन तपासता येतात. सामान कोणतं घ्यायचं हा प्रश्न त्यानंतरचा. बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात, म्हणून हा लेख.

बिनतारी हवंच का, हे आधी ठरवू. मधली जागा तुमच्याच मालकीची असेल आणि चर खणता येत असेल, तर पाइपातून फायबर टाका. फायबरला पावसाचा त्रास नाही, झाडाचा नाही, शेजारच्या वायफायचा नाही, आणि उद्या वेग वाढवायचा झाला तर बहुधा दोन टोकांची उपकरणं बदलून भागतं. तांब्याची नेटवर्क केबल मात्र दोन इमारतींमध्ये टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिची मर्यादा १०० मीटर आहे ही गोष्ट वेगळीच, पण खरं कारण विजेचं आहे. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं, त्यांच्या जमिनीच्या पातळीत व्होल्टेजचा फरक पडू शकतो आणि जवळपास वीज कोसळली तर तो फरक केबलमधून थेट तुमच्या नेटवर्क स्विचमध्ये (सगळ्या केबली एकत्र जोडणाऱ्या डबीत) शिरतो. फायबर काचेचं असल्यामुळे त्यातून वीज वाहत नाही. बिनतारी जोडणीत तर मध्ये हवाच आहे.

तिसरा पर्याय व्हीपीएनचा. दोन्हीकडे चांगलं इंटरनेट असेल आणि फक्त कधीमधी फाइल उघडायची असेल, तर दोन राउटरांमध्ये इंटरनेटवरूनच एक कूटबद्ध बोगदा तयार करता येतो. त्याला इमारती एकमेकींना दिसण्याची गरज नाही, त्या दोन वेगळ्या शहरांत असल्या तरी चालतं. वेग मात्र दोन्हींपैकी संथ इंटरनेटच्या अपलोडइतकाच मिळतो. यातलं काही जमत नसेल, किंवा इंटरनेट एकीकडेच असेल आणि मधलं अंतर पन्नास मीटर ते काही किलोमीटर असेल, तर बिनतारी लिंक हाच योग्य मार्ग.

हवेतली मोकळी वाट

घरातल्या राउटरचा अँटेना सगळीकडे पसरेल असा सिग्नल सोडतो, कारण फोन कुठल्या खोलीत आहे हे त्याला माहीत नसतं. दोन इमारती मात्र जागच्या हलत नाहीत. म्हणून इथे दिशादर्शक अँटेना वापरतात: एक इकडे, एक तिकडे, दोन्ही एकमेकांकडे तोंड करून. बाजारात मिळणाऱ्या बाहेरच्या लिंकमध्ये रेडिओ आणि अँटेना बहुतेकदा एकाच डबीत असतात. खालून एकच नेटवर्क केबल वर जाते आणि तिच्यातूनच वीजही मिळते. अशा दोन डब्या मिळून एक लिंक होते.

पहिली अट: एका डबीच्या जागेवरून दुसरीची जागा डोळ्यांनी दिसली पाहिजे. दुर्बिणीतून दिसली तरी चालेल, पण मध्ये भिंत, टाकी किंवा झाडाचा शेंडा नको. काँक्रीटची एक भिंत सहज १५-२० डेसिबल खाऊन टाकते, म्हणजे पोचणाऱ्या शक्तीतला शंभरातला एक ते तीन भागच उरतो. झाडं तर त्याहून फसवी. पानांमध्ये पाणी असतं, पाणी या लहरी शोषून घेतं, आणि पाऊस पडून गेल्यावर ओली पानं आणखी शोषतात. पानगळीत उत्तम चाललेली लिंक पालवी फुटल्यावर बंद पडते ती यामुळे. खिडकीच्या आतून लिंक लावायचा मोह होतो, तोही टाळावा. उष्णता अडवणाऱ्या काचांवर धातूचा अतिशय पातळ थर असतो; त्या काचेतून नजर आरपार जाते, रेडिओलहर मात्र बरीचशी परत फिरते.

नुसतं दिसणं पुरत नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. रेडिओलहर एका बारीक रेषेतून प्रवास करत नाही. दोन अँटेनांच्या मध्ये ती फुगीर, लांबट आकाराची जागा व्यापते: टोकांशी निमुळती आणि मधोमध सर्वांत जाड. प्रकाशाच्या लहरींचा अभ्यास करणारे फ्रेंच शास्त्रज्ञ ओग्युस्तँ-झाँ फ्रेनेल यांच्या नावावरून तिला फ्रेनेल झोन म्हणतात. मधोमध तिची त्रिज्या किती, हे काढायचं सूत्र सोपं आहे. किलोमीटरमधलं अंतर भागिले गिगाहर्ट्झमधली वारंवारता, त्याचं वर्गमूळ, गुणिले ८.६६, उत्तर मीटरमध्ये येतं.

५०० मीटरची लिंक ५.८ गिगाहर्ट्झवर घेऊ. ०.५ भागिले ५.८ म्हणजे ०.०८६. त्याचं वर्गमूळ ०.२९४, गुणिले ८.६६ म्हणजे सुमारे २.५ मीटर. या त्रिज्येचा किमान ६० टक्के भाग तरी रिकामा असावा, असा नियम पाळतात. म्हणजे मधोमध नजरेच्या रेषेच्या खाली, वर आणि दोन्ही बाजूंना साधारण दीड मीटर मोकळं हवं. आता समजा, निम्म्या वाटेवर एखाद्या घराचं छप्पर आहे आणि तुमची नजर त्याच्या कडेला घासून पलीकडे जाते. डोळ्यांना लिंक स्वच्छ दिसते, पण नुसत्या त्या कडेमुळे सुमारे ६ डेसिबल गेले, म्हणजे शक्तीचा चौथाई भागच उरला. दोन्हीकडचे पाइप दीड-दीड मीटरने उंच केले की ही तूट जवळपास पूर्ण भरून निघते. महागडा रेडिओ घेण्यापेक्षा पाइप उंच करणं कधीही फायद्याचं.

हेच अंतर २.४ गिगाहर्ट्झवर घेतलं तर त्रिज्या जवळजवळ ४ मीटर होते. २.४चा सिग्नल लांब जातो हे घराच्या आत खरं आहे, पण इमारतींच्या मध्ये त्याला जागा जास्त लागते आणि त्या पट्ट्यात गर्दीही प्रचंड असते. एकमेकांवर न चढणारे चॅनेल तिथे जेमतेम तीन. म्हणून साधारण शे-दोनशे मीटरपासून काही किलोमीटरपर्यंत ५ गिगाहर्ट्झ ही नेहमीची निवड. त्यातली एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी: ५२५० ते ५३५० आणि ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झ या भागात बऱ्याच देशांत रडारचा हक्क पहिला असतो. तिथला चॅनेल निवडला तर उपकरणाला सुरुवातीला किमान एक मिनिट गप्प राहून रडार आहे का ते ऐकावं लागतं, आणि नंतर कधीही रडारची चाहूल लागली तर चॅनेल सोडावा लागतो. विमानतळ किंवा हवामान रडार जवळ असेल तर लिंक ‘उगाचच’ पडते ती याच कारणाने.

६० गिगाहर्ट्झ हा तिसरा पट्टा अलीकडे आवाक्यात आला आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९०च्या दशकात पाच मिलिमीटर तरंगलांबीपर्यंतच्या लहरींवर प्रयोग केले होते. ती तरंगलांबी म्हणजे आजचा हाच पट्टा. इथे चॅनेल इतके रुंद असतात की गिगाबिटचा वेग सहज मिळतो. फ्रेनेल झोनही अगदी सडपातळ: ५०० मीटरला मधोमध जेमतेम ८० सेंटिमीटर. पण या लहरी हवेतला ऑक्सिजनच शोषतो, किलोमीटरमागे सुमारे १५ डेसिबल, आणि मुसळधार पावसात जवळपास तेवढेच आणखी जातात. दोनशे-तीनशे मीटरपर्यंत हा पट्टा सर्वांत उत्तम, असं मी म्हणेन. शेजारच्या कुणाचा अडथळा तिथे जवळजवळ नसतो, कारण लहर फार दूर जातच नाही. त्यापुढे जायचं असेल तर पावसात आपोआप ५ गिगाहर्ट्झवर उतरणारी, दोन्ही रेडिओ असलेली उपकरणं घ्यावीत.

आकडा आधी काढा

पलीकडे किती सिग्नल पोचायला हवा, हे गच्चीवर चढण्याआधीच सांगता येतं. हे गणित बेरीज-वजाबाकीचंच आहे. शक्ती डीबीएममध्ये मोजतात: १ मिलिवॅट म्हणजे शून्य, १०० मिलिवॅट म्हणजे २०. दर ३ने शक्ती दुप्पट होते, दर १०ने दहापट. अँटेना शक्ती निर्माण करत नाही, आहे तीच एका दिशेला एकवटतो. तो किती एकवटतो ते डीबीआयमध्ये लिहिलेलं असतं.

मोकळ्या हवेतली घट अशी काढतात: ९२.४५मध्ये किलोमीटरमधल्या अंतराच्या लॉगची (१०च्या पायावरच्या लॉगॅरिदमची) २० पट आणि गिगाहर्ट्झमधल्या वारंवारतेच्या लॉगची २० पट मिळवायची. आपल्या ५०० मीटरला, ५.८ गिगाहर्ट्झवर, उत्तर येतं सुमारे १०२ डेसिबल. आता रेडिओची शक्ती २०, इकडचा अँटेना १६, तिकडचा १६. बेरीज ५२, वजा १०२, उरले उणे ५०. पलीकडच्या उपकरणाच्या पडद्यावर -५० डीबीएमच्या आसपास दिसायला हवं. ही शक्ती म्हणजे एका मिलिवॅटचा एक लाखावा भाग. ऐकायला नगण्य, पण आधुनिक रेडिओला भरपूर. ४० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर बहुतेक उपकरणांना चांगल्या वेगासाठी -६० ते -६५ पुरतं. म्हणजे पाऊस, धूळ, शेजाऱ्यांचे रेडिओ आणि बसवण्यातली थोडी चूक यांसाठी दहा-पंधरा डेसिबल हाताशी उरले. एवढी शिल्लक नसेल तर लिंक कागदावरच नापास समजावी.

या गणितातून आणखी दोन गोष्टी कळतात. अंतर दुप्पट झालं की फक्त ६ डेसिबल जातात, म्हणून अंतराची भीती बाळगायचं कारण नाही. भीती अडथळ्याची बाळगावी. दुसरं म्हणजे, रेडिओची शक्ती वाढवली तर फक्त बोलणं जोरात होतं. मोठा अँटेना बोलताना मदत करतो आणि ऐकतानाही. शिवाय त्याचा झोत अरुंद असल्याने बाजूचा गोंगाट कमी ऐकू येतो. प्रत्येक देशात बाहेर पडणाऱ्या एकूण शक्तीवर कायद्याची मर्यादा असते आणि ती पट्ट्यागणिक बदलते. म्हणून उपकरणात आपलाच देश निवडावा, म्हणजे ते स्वतः त्या मर्यादेत राहतं. अंतर अगदी कमी असेल तर उलटा त्रास होतो. पन्नास मीटरला वरच्याच सामानाने -३० येईल आणि कानठळ्या बसल्यासारखा रेडिओ गोंधळेल. तिथे शक्ती उतरवावी लागते.

वेगाबद्दल खोक्यावरचे आकडे वाचताना सावध राहायला हवं. ८६७ मेगाबिट असं लिहिलेलं असतं तो हवेतला कमाल दर असतो, तोही ८० मेगाहर्ट्झ रुंद चॅनेलवर. हे रेडिओ एका वेळी एकतर बोलतात किंवा ऐकतात, दोन्ही एकदम नाही. त्यात माहितीच्या प्रत्येक पाकिटाची (पॅकेटची) पोच द्यायची असते. सगळं धरून प्रत्यक्षात साधारण निम्मं हाती लागतं. आणि डबीचा नेटवर्क पोर्टच १०० मेगाबिटचा असेल तर हवेत काहीही वेग असला तरी तुम्हाला १००च्या आतच मिळेल. स्वस्तातल्या बऱ्याच डब्यांचं हेच होतं. चॅनेलची रुंदी दुप्पट केली की गोंगाटही ३ डेसिबलने वाढतो. म्हणून मी नेहमी २० किंवा ४० मेगाहर्ट्झपासूनच सुरुवात करायला सांगतो. कामाला तेवढं पुरत असेल तर तिथेच थांबावं.

दोन नेटवर्क, पत्ते कोणाचे?

लिंक जुळली, दिवे हिरवे झाले, आणि तरीही काही चालत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे अधूनमधून चालतं. इथे हवेचा दोष नसतो.

बहुतेक घरगुती राउटर कारखान्यातून येतानाच १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा पत्ता घेऊन येतात आणि जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला त्याच मालिकेतले पत्ते वाटतात. हे वाटपाचं काम डीएचसीपीचं. दोन इमारतींतले दोन राउटर एकाच कंपनीचे असतील तर दोन्हींचा पत्ता १९२.१६८.१.१ असण्याची शक्यता भरपूर. आता मध्ये लिंक टाकून दोन्ही नेटवर्क एक केली. पलीकडच्या इमारतीत एक लॅपटॉप सुरू होतो आणि पत्ता मागणारी हाक नेटवर्कभर टाकतो. ती हाक दोन्ही राउटरांपर्यंत पोचते, दोघेही उत्तर देतात आणि लॅपटॉप बहुधा आधी आलेलं उत्तर घेतो. त्याला मिळाला १९२.१६८.१.२३. दुसऱ्या राउटरने हाच पत्ता आधीच प्रिंटरला दिलेला आहे, आणि या राउटरला त्याची खबर नाही. पुढे लॅपटॉप विचारतो, १९२.१६८.१.१ कुठे आहे? त्यालाही दोन उत्तरं येतात. ज्याचं उत्तर लक्षात राहिलं त्याच्याकडे इंटरनेटची मागणी जाते. थोड्या वेळाने पुन्हा विचारणा होते आणि कदाचित दुसऱ्याकडे जाते. वापरणाऱ्याला एवढंच दिसतं की इंटरनेट येतं-जातं आणि प्रिंटर कधी सापडतो, कधी नाही. मग बिचाऱ्या अँटेनाची दिशा पुन्हा पुन्हा बदलली जाते.

यातून बाहेर पडायचे दोन स्वच्छ मार्ग आहेत आणि त्यातला एक आधीच ठरवावा लागतो.

पहिला मार्ग ब्रिजचा. दोन इमारती मिळून एकच नेटवर्क, लिंक म्हणजे जणू एक लांब केबल. डीएचसीपी एकाच राउटरवर चालू, दुसऱ्यावर बंद. दुसऱ्या राउटरला त्याच मालिकेतला वेगळा, स्थिर पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२, आणि तो आता फक्त स्विच व वायफायचं काम करणार. येणारी केबल त्याच्या लॅनच्या (आतल्या नेटवर्कच्या) पोर्टमध्ये लावायची. वॅनच्या (इंटरनेट आत येण्याच्या) पोर्टमध्ये लावली तर तो पुन्हा वेगळं नेटवर्क उभं करतो. लिंकच्या दोन डब्यांनाही स्थिर पत्ते द्यावेत आणि ते डीएचसीपीच्या वाटपाबाहेर ठेवावेत. एकच घर, एकच छोटं ऑफिस, इंटरनेट एकीकडेच असेल, तर हाच मार्ग. यात प्रिंटर आणि कास्ट करायचा टीव्ही आपोआप सापडतात.

ब्रिज करताना साधा राउटर ‘क्लायंट’ म्हणून, म्हणजे फोनसारखा दुसऱ्याच्या वायफायला जोडून, वापरला तर एक अडचण येते, ती समजून घेण्यासारखी आहे. वायफायच्या नेहमीच्या पाकिटावर तीन पत्त्यांचे (आयपीचे नव्हे, उपकरणांच्या स्वतःच्या मॅक पत्त्यांचे) रकाने भरलेले असतात: हवेतून पाठवणारा, हवेतून घेणारा, आणि दोघांच्या पलीकडचं मूळ किंवा अंतिम टोक. फोन थेट वायफायला जोडलेला असतो तेव्हा तीन पुरतात, कारण फोन स्वतःच एका बाजूचं टोक असतो. पण इमारतीच्या लिंकमध्ये दोन्ही डब्यांच्या मागे वेगळे संगणक आहेत. पाठवणारी डबी, घेणारी डबी, मूळ संगणक आणि शेवटचा संगणक असे चार पत्ते लागतात. चौथा रकाना मानकात आहे, पण साधा क्लायंट तो वापरत नाही. तो मागच्या सगळ्या संगणकांना स्वतःच्या एकाच पत्त्याआड लपवतो, आणि मग पत्तेवाटप किंवा आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) अडखळतं. म्हणून उपकरणात डब्ल्यूडीएस, चार-पत्ता किंवा पारदर्शक ब्रिज अशी सोय आहे का ते बघूनच घ्यावं. दोन टोकांना एकाच कंपनीचं, एकाच जातीचं उपकरण घ्यावं ते यासाठीही.

दुसरा मार्ग राउटिंगचा. दोन्हीकडे आपापलं इंटरनेट आहे, किंवा दोन इमारतींचे मालक वेगळे आहेत आणि फक्त ठरावीक गोष्टीच वाटून घ्यायच्या आहेत. मग नेटवर्क दोनच ठेवावीत, पण पत्त्यांच्या मालिका वेगळ्या कराव्यात: इकडे १९२.१६८.१०.०, तिकडे १९२.१६८.२०.०, आणि मधल्या लिंकला १९२.१६८.९९.० अशी तिसरीच. इकडच्या राउटरला सांगायचं की २०च्या मालिकेतलं काही आलं तर लिंकवरून तिकडच्या राउटरकडे पाठव. तिकडच्याला १०च्या मालिकेबद्दल हेच उलट सांगायचं. याला स्टॅटिक रूट म्हणतात. तो दोन्हीकडे लागतो. एकाच बाजूला टाकला तर मागणी पोचते, उत्तर परतत नाही. लिंकच्या बाजूला पत्ते बदलून पाठवणारं नॅट बंद ठेवावं, नाहीतर पलीकडून इकडच्या सर्व्हरपर्यंत पोचता येत नाही.

राउटिंगची किंमत एवढीच की आपोआप सापडण्याची सोय जाते. प्रिंटर स्वतःची ओळख ज्या हाकेने देतो ती राउटरपाशीच थांबते, म्हणून पलीकडचा प्रिंटर आयपी पत्ता लिहून जोडावा लागतो. विंडोजची फायरवॉलही फाइल वाटपाला अनेकदा फक्त स्वतःच्याच मालिकेतून परवानगी देते. तिथे दुसरी मालिका हाताने घालावी लागते. बदल्यात एकीकडच्या बिघाडाचा किंवा व्हायरसचा त्रास दुसरीकडे सहज पसरत नाही. मालक वेगळे असतील तर हाच मार्ग घ्यावा, असा माझा आग्रह असतो.

ब्रिज करणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना: दोन इमारतींमध्ये आधीपासून दुसरी कुठली जोडणी असेल, जुनी केबल किंवा दुसरी लिंक, तर वर्तुळ तयार होतं. सर्वांना उद्देशून गेलेली हाक त्या वर्तुळात फिरत राहते, वाढत जाते आणि काही क्षणांत सगळं नेटवर्क ठप्प होतं. स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री चालू असेल तर तो जादाची वाट बंद ठेवतो.

गच्चीवर

बसवण्याची कला दिशा जुळवण्यात आहे. पाइप भक्कम हवा. वाऱ्याने हलणाऱ्या पाइपावर कुठलीच लिंक स्थिर राहत नाही. आधी दोन्ही डब्या जमिनीवर, एकाच टेबलावर शक्ती कमी करून जोडून घ्याव्यात, सेटिंग आणि पासवर्ड तपासावेत, मगच वर न्याव्यात. उंचीवर, वाऱ्यात उभं राहून लॅपटॉपवर पासवर्ड टाइप करायची वेळ येऊ नये.

मग दोन माणसं, दोन गच्च्या, दोन फोन. पहिला माणूस आपली डबी अंदाजाने पलीकडे वळवून स्थिर ठेवतो. दुसरा आपली डबी डावीकडून उजवीकडे अगदी सावकाश फिरवतो. प्रत्येक हालचालीनंतर दोन-तीन सेकंद थांबायचं, कारण पडद्यावरचा आकडा मागून येतो. -७८, -७१, -६६, मग पुन्हा -७०. सर्वांत चांगला आकडा आला तिथे परत यायचं आणि आता वर-खाली करून बघायचं. त्याचं झालं की त्याने थांबायचं आणि पहिल्याने तेच करायचं. दोघांनी एकाच वेळी हलवायचं नाही, नाहीतर कोणाच्या हालचालीने काय बदललं ते कळत नाही.

कागदावर काढलेला आकडा आता उपयोगी पडतो. गणित -५० सांगतंय आणि तुम्ही -६६च्या शिखरावर थांबला आहात, इकडे-तिकडे केलं की कमीच होतंय. तर ते खरं शिखर नव्हे. दिशादर्शक अँटेनाच्या मुख्य झोताच्या बाजूला छोटे झोत असतात, तुम्ही त्यातल्या एकावर अडकला आहात. आणखी लांबपर्यंत फिरवा. गणित आणि प्रत्यक्ष यांत तीन-चार डेसिबलचा फरक राहिला तर समाधान मानावं. बहुतेक उपकरणं आडव्या आणि उभ्या अशा दोन ध्रुवणांचे (लहरीच्या कंपनाच्या दिशांचे) दोन आकडे वेगळे दाखवतात. ते एकमेकांच्या जवळ असावेत. एक -५२ आणि दुसरा -६५ दिसत असेल तर वाटेत अर्धवट अडथळा आहे किंवा एक डबी तिरकी बसली आहे. नटबोल्ट शेवटचे आवळताना आकड्यावर डोळा ठेवावा, कारण आवळताना डबी हमखास जराशी फिरते.

अंतराचं एक सेटिंग असतं, ते विसरू नये. वायफायमध्ये प्रत्येक पाकिटाची पोच यायची वाट पाहतात आणि ती ठरलेल्या वेळात आली नाही तर पाकीट हरवलं असं समजून पुन्हा पाठवतात. लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते, त्यामुळे काही किलोमीटरच्या लिंकवर पोच उशिरा पोचते आणि विनाकारण पुनरावृत्ती सुरू होते. सिग्नल उत्तम, वेग मात्र दयनीय, असं दिसलं तर आधी हे तपासावं. काही उपकरणं ते आपोआप ठरवतात.

विजेची बाजू गंभीरपणे घ्यावी. धातूचा पाइप इमारतीच्या अर्थिंगला जोडावा. बाहेरची केबल उन्हात न तडकणारी आणि धातूचं आवरण असलेली हवी. ती इमारतीत शिरते तिथे सर्ज प्रोटेक्टर लावावा आणि तोही अर्थ करावा. केबल भोकातून आत जाण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिच्यावरून ओघळून झोळाच्या तळाशी गळतं, आत येत नाही. केबलवरून वीज देणारा इंजेक्टर डबीसोबत आलेलाच वापरावा. काही डब्यांना २४ व्होल्टचा साधा पुरवठा लागतो, काहींना मानकानुसार ४८च्या आसपासचा. अदलाबदल केली तर डबी चालणार नाही किंवा जळेल. दोन्ही टोकांना यूपीएस हवा. एकाच टोकाला असून उपयोग नाही.

सिग्नल पलीकडच्या डबीपाशी थांबत नाही, मागे दूरवर जातो आणि कोणीही तो ऐकू शकतो. म्हणून डब्ल्यूपीए२-एईएस ही वायफायची कूटबद्धता किंवा, दोन्ही टोकांना येत असेल तर, डब्ल्यूपीए३ लावावं, लांबलचक पासवर्ड ठेवावा आणि डबीचा कारखान्यातला लॉगिन पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. नेटवर्कचं नाव लपवून सुरक्षितता वाढत नाही. फर्मवेअर (डबीतलं सॉफ्टवेअर) दोन्ही टोकांना अद्ययावत करावं, आणि ते करताना आधी दूरच्या टोकाला, मग जवळच्या. जवळचं आधी केलं आणि लिंक जुळली नाही, तर दुसऱ्या गच्चीवर जाण्यावाचून इलाज नसतो.

लिंक चालू झाल्यावर इंटरनेटच्या स्पीड टेस्टवरून तिची परीक्षा करू नये. त्यात इंटरनेटचाच वेग मोजला जातो. दोन्हीकडे एकेक संगणक केबलने जोडून आयपर्फसारख्या मोफत साधनाने लिंकचा स्वतःचा वेग मोजावा, आणि रात्रभर पिंग (पलीकडे छोटी पाकिटं पाठवून उत्तर येतं का ते बघणारी आज्ञा) चालू ठेवून किती पाकिटं हरवतात ते बघावं. दोन्ही बाजूंचे सिग्नल, वेग आणि चॅनेल लिहून ठेवावेत. पुढे बिघाड शोधताना हीच नोंद कामाला येते. महिन्यांमागून महिने आकडा हळूहळू खाली आला असेल, तर मध्ये झाड वाढलं आहे. मोठ्या वाऱ्यानंतर एकदम दहा डेसिबल गेले, तर डबी फिरली आहे. पावसानंतर दोन ध्रुवणांपैकी एकच पडलं, तर डबीत किंवा जोडात पाणी शिरलं आहे. सिग्नल जसाच्या तसा पण ठरावीक वेळी वेग पडतो, तर त्या वेळी जवळपास कोणीतरी त्याच चॅनेलवर येतं. चॅनेल बदलून पाहावा. डबीचा नेटवर्क पोर्ट १०००वरून १०० किंवा १०वर उतरला असेल, तर केबलच्या टोकाचं क्रिम्पिंग (प्लगमधली तारांची पकड) गेलं आहे. आणि नोंदीतला प्रत्येक आकडा जागच्या जागी असून तिकडचा संगणक इकडे दिसत नसेल, तर गच्चीवर चढू नका. कोणीतरी रिसेट केलेल्या राउटरचा डीएचसीपी पुन्हा चालू झाला आहे का ते बघा.